चौथी टोपी

"चारी आल्या का?"

मिस्त्रीकाका वरून विचारतात. मी खालच्या खड्ड्यात, मान मागे टाकून, हातात ग्रीसगन. डोक्यावर आमच्या जीपचा मागचा प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा फिरता दांडा. त्याच्या टोकाला असतो तो क्रॉस, म्हणजे अधिकच्या खुणेसारखा चार हातांचा एक पोलादी तुकडा. प्रत्येक हातावर एक टोपी आणि टोपीत सुईसारखे बारीक रोलर. टोप्या चार, पण ग्रीस भरायचं निपल एकच. गन दाबत राहिलं की ग्रीस क्रॉसच्या पोटातून चारी हातांकडे सरकतं. आधी जुनं काळं बाहेर येतं, मग नवं लाल. ते चारी टोप्यांच्या कडेला दिसलं की काम झालं. तीनच टोप्यांतून आलं तर चौथीची वाट बुजलेली असते. त्या टोपीतले रोलर कोरडे फिरतात. काही दिवसांनी गाडी हळू चालवताना खालून चिमणी बोलल्यासारखा आवाज यायला लागतो. त्यानंतर गिअर टाकला की 'टक'. त्याकडेही दुर्लक्ष केलं, तर एखाद्या घाटात शाफ्ट सुटून रस्त्यावर पडतो.

म्हणून काकांचा प्रश्न नेहमी एकच असतो. ग्रीस मारलं का, असं ते कधी विचारत नाहीत. चारी आल्या का, एवढंच.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातलं हे गॅरेज बाहेरून बघाल तर पत्र्याची एक शेड आहे. शेजारी लेथ, पलीकडे वेल्डिंग, समोर पाटे, म्हणजे गाडीखालच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, दुरुस्त करणारा. या भागात लोखंडाचं कोणतंही दुखणं हाकेच्या अंतरावर बरं होतं. दर रविवारी सकाळी इथे सात-आठ गाड्या जमतात. एक विलीज, तीन-चार महिंद्रा, दोन जिप्सी आणि अलीकडे एक नवी थार. आम्ही सगळे डोंगरात, जंगलाच्या कडेच्या वाटांवर, नदीच्या पात्रात गाड्या घेऊन जाणारे लोक. आमचे फोटो पाहून लोकांना वाटतं, चिखल उडवणं हाच आमचा छंद. खरं तर चिखलात एक दिवस जातो, त्यानंतरचे चार रविवार या शेडमध्ये. मला विचाराल तर हे चार रविवारच जास्त प्रिय आहेत.

आमची जीप म्हणजे एमएम ५४०. प्युजोच्या आराखड्याचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन, ताकद ६२ घोड्यांची. वडिलांनी ती १९९६ मध्ये एका साखर कारखान्याच्या लिलावात घेतली. त्याआधी ती कारखान्याच्या शेती खात्याकडे होती. ऊसतोडीच्या हंगामात शेती अधिकारी आणि तोडीच्या चिठ्ठ्या देणारे चिटबॉय तिच्यातून फडाफडावर फिरायचे. वडिलांकडे आल्यावरही तिचं काम तेच राहिलं. खताची पोती, मोटारीची पाइप, बाळंतीण, वऱ्हाड. वडील गेल्यावर भाऊ म्हणाला, विकून टाकू. मी ती कोल्हापूरला घेऊन आले. सोबत तिचा मिस्त्रीही माझ्याकडे आला असं म्हणायला हरकत नाही, कारण वडिलांच्या काळापासून ती याच हातांखाली आहे.

पहिल्या रविवारी काकांनी मला चहा दिला आणि विचारलं, "पोरी, चालवायची हाय का सांभाळायची हाय?" दोन्ही, म्हटलं. "मग उतर खाली."

त्या दिवशी मला मिळालेला पहिला धडा आजही जसाच्या तसा आठवतो. मागच्या डिफरन्शियलचं, म्हणजे शाफ्टची ताकद दोन्ही चाकांना वाटून देणाऱ्या दात्यांच्या पेटीचं, ऑइल बदलायचं होतं. हौसिंगला दोन बुचं असतात, खालचं ऑइल सोडायला आणि वरचं भरायला. मी सरळ खालच्या बुचाला पाना लावला. काकांनी माझा हात धरला. "आधी वरचं उघड. खालचं सोडून बसलीस अन् वरचं गंजून बसलेलं निघालं, तर भरशील कुठनं? गाडी हितंच ऱ्हाणार." किती साधी गोष्ट! पण हे गाडीच्या पुस्तकात ठळक अक्षरांत छापायला हवं असं मला मनापासून वाटतं. परतायची वाट उघडी आहे याची खात्री झाल्याशिवाय काही रिकामं करायचं नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते. कोणताही प्रयोग सुरू करण्यापूर्वी आता मी मुलांना आधी शेवटची पायरी विचारते. ती सवय या खड्ड्यातली.

ऑइल बाहेर आलं की काका ते दोन बोटांत चोळतात. बुचाला चुंबक असतं, त्यावर राखाडी पिठासारखा लेप असेल तर काळजीचं कारण नाही, ती नेहमीची झीज. कण टोचले तर मात्र दात तुटतायत. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. हे पाणी शिरतं कसं, ते मला बरेच दिवस कळत नव्हतं. तापलेलं हौसिंग ओढ्याच्या गार पाण्यात बुडालं की आतली हवा एकदम आकसते आणि जिथून मिळेल तिथून बाहेरचं आत खेचते. ब्रीदर, म्हणजे हौसिंगला श्वास घ्यायला ठेवलेलं भोक, चिखलाने बुजलेला असला की झिजलेल्या ऑइलसीलमधून सरळ पाणीच आत येतं. म्हणून आम्ही ब्रीदरला रबरी नळी जोडून ती वर बॉनेटच्या उंचीपर्यंत नेतो. खर्च अगदी किरकोळ, आणि त्याने हजारो रुपयांचा क्राउन-पिनियन, म्हणजे आतल्या दात्यांची मुख्य जोडी, वाचतो.

आता गप्पांकडे येते, कारण शिकवणी खरी तिथेच चालते.

आमच्यातल्या डॉक्टरांकडे विलीज आहे, सीजे थ्रीबी. महिंद्रांनी स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच काही वर्षांत माझगावला विलीजची जोडणी सुरू केली. त्यानंतर उंच बॉनेटची ही थ्रीबी अमेरिकेत बंद झाली, तरी आपल्याकडे पुढे कितीतरी वर्षं बनत राहिली. बॉनेट उंच झालं ते नव्या इंजिनाची उंची जास्त होती म्हणून, पण डॉक्टर सांगतात की तिनं मान वर केलीय. एका रविवारी गटात नव्याने आलेला एक तरुण त्यांच्या विलीजचं चाक काढायला बसला. डाव्या बाजूचा नट काही केल्या हलेना. त्याने पाइप लावून जोर वाढवला. पलीकडून तीन माणसं एकदम ओरडली, "थांब मर्दा!"

विलीजच्या डाव्या चाकांना उलटा आटा असतो, म्हणजे नट नेहमीच्या उलट दिशेला फिरवला तरच सुटतो. पुढे धावताना चाक ज्या दिशेने फिरतं, तिकडे नट सैल होऊ नये म्हणून डाव्या बाजूचे आटे उलटे ठेवलेले. स्टडच्या टोकावर इंग्रजी 'एल' कोरलेला असतो, पण तो ग्रीस आणि रंगाखाली गेलेला. त्या मुलाचा स्टड वाचला. डॉक्टरांनी फडक्याने तो 'एल' पुसून त्याला दाखवला आणि सगळ्यांना चहा सांगितला. आज तोच मुलगा नवीन येणाऱ्या प्रत्येकाला ते अक्षर दाखवतो.

वाद तर न संपणारे. जिप्सीवाला म्हणणार, आमची गाडी हलकी, चिखलावरून तरंगत जाते. जीपवाला म्हणणार, तरंगेल, पण ओढणार काय? मग ट्रेलर भरून ऊस ओढल्याच्या कहाण्या. पावसाळ्याआधी गाडीच्या पोटाला इंजिनचं काळं ऑइल फासावं की नाही, यावर एक अख्खी सकाळ गेली आहे. जुने लोक फासतात, गंज लागत नाही म्हणतात. काकांचा आणि माझाही त्याला ठाम विरोध. त्या ऑइलने रबरी बुश फुगतात, पाट्यांवर माती चिकटून त्यांना कानशीसारखी घासते. आणि पहिल्या पावसात ते ज्या ओढ्यात उतरतं, तोच ओढा बघायला आपण एवढ्या लांब आलेलो असतो. ऑइल साठवून रीतसर गोळा करणाऱ्याला द्यायचं, हे आता आमच्या शेडमध्ये ठरून गेलं आहे. नव्वद नंबरच्या, म्हणजे दाट गिअर ऑइलचंही तसंच. डिफरन्शियलला जीएल-५ प्रतीचं, पण जुन्या गिअरबॉक्सला जीएल-४, कारण पाचातलं रसायन आतल्या पितळी रिंगांना त्रास देतं. डबा एकाच रंगाचा आणि दुकानदार घाईत. एकाने डबा आणला की दुसरा चष्मा लावून वाचतो.

या सगळ्या बैठकीत एक माणूस होता, त्याच्यावाचून हा लेख मी लिहूच शकले नसते. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. गगनबावड्याच्या रस्त्यावर त्यांनी उभी हयात वडाप चालवलं. आमच्याकडच्या वाचकांना वडाप म्हणजे काय हे सांगायला नको. इतरांसाठी सांगते, एसटी येईपर्यंत थांबायला वेळ नसलेल्या माणसांना भरून नेणारी खासगी जीप. कमांडर, मार्शल, ट्रॅक्स. आत किती माणसं बसायची त्याचा हिशेब नाही, मागच्या पायरीवर दोन पोरं, टपावर कोंबड्यांच्या पाट्या. बावड्याचा पाऊस म्हणजे दिवसचे दिवस उजेड न दाखवणारा. त्या पावसात, दरडीच्या कडेने, रोज तीच वाट.

मामांनी कधी 'ऑफरोड' हा शब्द वापरला नाही. त्यांच्यासाठी तो नुसता रस्ता होता. पण आमच्या गटाला जे काही येतं, त्यातलं निम्मं त्यांच्याकडून आलेलं आहे. उतारावर ब्रेक तापवायचा नाही, ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतर. पाण्यातून बाहेर आल्यावर थोडं अंतर ब्रेकवर हलका पाय ठेवून चाल, ड्रम सुकू दे. डिझेलनं हवा घेतली तर फिल्टरवरचा स्क्रू सैल कर, हातपंप मार, बुडबुडे थांबून सलग धार लागली की आवळ. फिल्टर बदलायला गॅरेज लागत नाही, स्वच्छ फडकं लागतं. हे ते शिकवायच्या सुरात सांगत नसत. काहीतरी घडलेलं सांगत. "एकदा मांडुकलीजवळ रातच्याला बंद पडली, आत एक आजारी म्हातारी..." अशी सुरुवात व्हायची आणि गोष्ट संपेपर्यंत आम्हाला एअर काढता यायची.

मी एकदा त्यांना विचारलं, एवढं सगळं तुम्हाला कुणी शिकवलं? म्हणाले, "दिवस बुडायचा ना. गाडी हुबी ऱ्हायली की त्या दिवसाचं पैसं न्हाईत. मग शिकतंय माणूस."

त्या उत्तरापासून मी आमच्या छंदाकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. आमची गाडी बंद पडली तर फार तर रविवार वाया जातो. ज्यांची चूल या गाडीवर पेटायची, त्यांनी कमावलेलं ज्ञान आम्ही चहाच्या घोटाबरोबर घेतो. ते फुकट मिळतं म्हणून हलकं समजू नये, असं मला फार वाटतं. दुर्गम जागी टायरातली हवा विसावर आणून गाडी बाहेर काढल्याचा व्हिडिओ लाखो लोक पाहतात. तो माणूस हे कुणाकडून शिकला, हे मात्र त्या व्हिडिओत नसतं. कुठल्या तरी गॅरेजातल्या, कुठल्या तरी वडापाच्या, कुठल्या तरी लष्करी डिस्पोजलच्या गाडीवर आयुष्य घालवलेल्या माणसाकडून तो शिकलेला असतो.

या ज्ञानाचं मोल मी २०१९च्या ऑगस्टमध्ये पाहिलं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या आठवड्यात पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली, चिखली-आंबेवाडीतून माणसं बोटींनी काढलेली. पुराच्या वाहत्या पाण्यात जीप घालायची नाही, हे आम्ही पहिल्याच दिवशी ठरवलं, आणि ते बरोबरच होतं. पाणी जिथे संपतं तिथपर्यंत पिण्याचं पाणी, भाकरी, जनावरांना वैरण पोचवायची, एवढंच काम. उसाच्या वाड्यांचे भारे जीपच्या टपापर्यंत. पाणी ओसरल्यावर गाळाने भरलेल्या गल्ल्या. तिथे मोठे ट्रक वळत नव्हते, आमच्या आखूड गाड्या वळत होत्या.

पण खरं मोठं काम काकांनी केलं, आणि ते एका वाक्याचं होतं. "चावी लावू नका."

शेकडो गाड्या बुडाल्या होत्या. पाणी उतरलं की मालक सगळ्यात आधी स्टार्टर मारून बघायचा, जीव राहत नाही ना. पण इंजिनच्या सिलिंडरमध्ये पाणी असेल आणि पिस्टन वर आला, तर हवेसारखं पाणी दाबलं जात नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो आणि पाण्याने न मेलेलं इंजिन चावीने मरतं. काका आणि मामा दोघे मिळेल त्या गाडीत बसून गल्लोगल्ली हेच सांगत फिरले. आधी बॅटरी सोडवा. मग डिझेल गाडीचे हीटर प्लग काढा, पेट्रोलची असेल तर स्पार्क प्लग. इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर उडवा. सगळी ऑइलं बदला. मगच चावी. त्या पंधरा दिवसांत आमच्यातल्या प्रत्येकाने कुणाच्या तरी दारात बसून हे काम केलं. रिक्षावाल्याचं, दूधवाल्याच्या टेंपोचं, कुणाच्या ट्रॅक्टरचं. मी स्वतः दूधकट्ट्यावरच्या एका टेंपोचे चार हीटर काढले. इंजिन फिरवल्यावर त्या चार भोकांतून पंचगंगेचं तांबूस पाणी कारंज्यासारखं उडालं. त्याच संध्याकाळी तो टेंपो सुरू झाला, तेव्हा त्या घरातली आजी आधी टेंपोला हात लावून पाया पडली, मग माझ्या. मला पाय मागे घ्यायचंही सुचलं नाही.

आमच्या जीपचं डिफरन्शियल त्या महिन्यात तीनदा उघडलं. दोनदा ऑइल दुधाळ निघालं, तिसऱ्यांदा स्वच्छ.

आता गटात नवीन थार आली आहे, २०२० मध्ये बाजारात आली त्यातली. नाशिकला बनते. साडेसहाशे मिलिमीटर पाण्यातून जाते असं कंपनी सांगते. तिला मागे पाटे नाहीत, कॉइल स्प्रिंग आहेत, आणि ग्रीसचा रविवारही तिला लागत नाही. तिचा मालक सव्वीस वर्षांचा. पहिल्या आठवड्यात रंकाळ्याच्या डांबरी रस्त्यावर तो फोर बाय फोर, म्हणजे चारी चाकांना ताकद, लावून फिरत होता आणि वळताना गाडी अडते अशी तक्रार घेऊन आला. काकांनी त्याला खडूने जमिनीवर वळण काढून दाखवलं. वळताना पुढची चाकं बाहेरून लांबचा फेरा मारतात, मागची आतून जवळचा. दोन्हीकडचे शाफ्ट एकमेकांना बांधले की हा फरक जायला जागा राहत नाही. मातीत चाक जरा घसरतं आणि हिशेब मिटतो. डांबरावर मिटत नाही, तो दात्यांवर साठत जातो. पोरगा खडूच्या रेषेकडे बराच वेळ बघत बसला. पुढच्या रविवारी आला तो स्वतःच्या गाडीचं काही काम नसताना.

तेव्हापासून तो येतो. माझ्या जीपखाली टॉर्च धरतो. त्याच्या गाडीत त्याला कधीच लागणार नाही असं सगळं विचारतो. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग कसं करायचं, पुढचं चाक ज्या खुंट्यांवर वळतं त्या किंगपिनचे शिम, म्हणजे पातळ चकत्या, कसे मोजायचे, पुढचं चाक थरथरायला लागलं तर आधी काय तपासायचं. मी त्याला विचारलं, तुला हे कशाला? म्हणाला, "ताई, कुणीतरी तर ठेवायला पाहिजे."

मामा गेल्या उन्हाळ्यात गेले. त्यांच्या अंत्ययात्रेला बावड्याच्या वाटेवरचे कितीतरी जुने ड्रायव्हर आले होते. बऱ्याच जणांच्या नखांत अजून काळं होतं.

काकांचे गुडघे आता खड्ड्यात उतरू देत नाहीत. ते वर स्टुलावर बसतात, कान खाली लावून. परवाच्या रविवारी मी आणि तो मुलगा दोघेही खाली होतो. गन त्याच्या हातात दिली. आधी निपल पुसून घ्यायला सांगितलं, नाहीतर बाहेरची माती आपणच आत ढकलतो. त्याने दाबायला सुरुवात केली. एका टोपीतून लाल रेघ आली, मग समोरच्या, मग तिसऱ्या.

"चारी आल्या का?"

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही.

"तीन आल्यात, काका."

"मग शाफ्ट अर्धा फिरव. परत मार."

त्याने दोन्ही हातांनी शाफ्ट फिरवला, कोरडी टोपी खाली आणली आणि पुन्हा गन लावली. मी टॉर्च त्या टोपीवर धरला.